कोळेकर सर आणि भूगोलाची पदवी

सोमवारी माझ्या मुलीच्या पायाचं ठरणार आहे. लष्कराच्या दवाखान्यात डॉक्टरांचं बोर्ड बसतं. ते सानिकाला तपासणार आणि सैन्याच्या प्रबोधिनीत शिकायला ठेवायचं की घरी पाठवायचं ते सांगणार. आज शुक्रवार. मेसच्या चपात्या लाटून झाल्या, ओटा पुसून झाला, तरी दुपार सरत नाही. फोन वाजला की ओल्या हातानंच उचलते. या दिवसांत मला सानिकाइतकेच कोळेकर सर आठवतात. म्हणून तिच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर त्यांच्याबद्दल लिहिते आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, माधवनगरला. मिल बंद पडली, वडील घरी बसले आणि माझी शाळा सुटली. हे कुणाला दाखवायचं नाही.

साताऱ्याबाहेर कोरेगावच्या रस्त्याला एक खासगी अकादमी आहे. मुलं-मुली तिथं राहून लष्करात अधिकारी होण्याच्या परीक्षेची तयारी करतात. मी त्या मेसमध्ये नऊ वर्षं स्वयंपाक करते. कोळेकर सर तिथं भूगोल आणि नकाशा शिकवायचे. तोफखान्यात जमीन मोजायच्या कामावर होते, सुभेदार होऊन निवृत्त झाले. जत तालुक्यातले, मेंढपाळाच्या घरातले. उंच, किडकिडीत, मान थोडी पुढे काढून चालणारे. शर्टाच्या खिशात एक छोटी वही आणि दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल.

ते डावं-उजवं कधी म्हणत नसत. जेवायला बसले की म्हणायचे, "अक्का, ती चटणी जरा उगवतीकडं सरकवा." पहिल्या आठवड्यात मी नुसतीच बघत राहायची. मग सवय झाली, इतकी की मीसुद्धा मदतीच्या बाईला डाळीचा डबा मावळतीच्या फळीवर ठेव म्हणून सांगायला लागले आणि ती मला हसली. मुलं एक गोष्ट सांगायची. सर एकदा दाढ दाखवायला साताऱ्यात गेले. डॉक्टरनं विचारलं कुठली दुखते, तर म्हणाले, वरची, मावळतीकडची. डॉक्टरनं खुर्ची फिरवली आणि मग कुठली दाढ ते दोघांनाही कळेना. खरं-खोटं मला माहीत नाही. सर नाही म्हणायचे नाहीत.

नवीन मुलगा आला की नाव, मार्क काही विचारायचे नाहीत. विचारायचे, तुझ्या गावचं पाणी कुठं जातं? मुलं गोंधळायची. कुणी म्हणायचं, पाणी टाकीतून येतं. "येतं कुठनं ते न्हाई विचारलं. जातं कुठं?" मग त्या मुलाला घरी फोन लावायला लावायचे, ओढा कुठल्या नदीला मिळतो ते विचारायला. काही मुलांच्या आईबापांनासुद्धा ठाऊक नसायचं. मलाही एकदा विचारलं. मी म्हटलं, माझं चौथी झालंय, मला काय कळतंय. तर म्हणाले, पाण्याला तरी कुठं शिक्षण हाय.

दुसरं एक वाक्य त्यांच्या तोंडात कायम असायचं. कुणी काही ठासून सांगितलं की थांबवायचे आणि विचारायचे, "बघितलंय का ऐकलंय?" ऐकलंय म्हटलं की पुढचं ऐकून घ्यायचे नाहीत. संचालक साहेबांनाही हेच विचारायचे. साहेबांना ते आवडत नसे, पण सरांचा निकाल चांगला लागायचा म्हणून चालवून घ्यायचे.

एकदा नकाशावरच्या उंचीच्या रेघा मुलांना काही केल्या समजेनात. सर मेसमध्ये आले आणि परातीतली कणीक मागितली. तीस माणसांची कणीक होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी तिचा डोंगर केला, घळी पाडल्या, सोंडा काढल्या आणि सुरीनं थरावर थर कापून मुलांना दाखवले. मग वरून तांब्याभर पाणी ओतलं, ते कुठून वाहतं ते बघायला. मुलांना एका झटक्यात कळलं. माझ्या चपात्यांची मात्र वाट लागली. सगळ्यांनी त्या चिवट चपात्या गुपचूप खाल्ल्या आणि सर म्हणाले, आज डोंगर पचवलाय, पेपर काय चीज हाय. सानिका तेव्हा सातवीत होती, कोपऱ्यात मटार सोलत बसलेली. रात्रीच्या भाकरीच्या पिठाचा गोळा घेऊन तिनं तसाच डोंगर करून बघितला. सरांनी तो बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून तिला वर्गात मागच्या बाकावर बसवलं. फीचं नाव कुणी काढलं नाही.

मेंढरांबद्दल ते क्वचित बोलायचे, पण बोलले की हातातलं काम थांबायचं. लहानपणी आठ वर्षं ते कळपामागं चालले. दिवाळी झाली की जत सोडायचं, घाट उतरायचा, पावसाच्या तोंडाला परत यायचं. त्यात एक रीत होती. तळ हलवायच्या आधी घरातला जाणता माणूस एकटा एक दिवस पुढं जायचा. गवत आहे का, पाणी किती, शेतमालक बसू देतो का, हे डोळ्यांनी बघून यायचा. तो परत येऊन सांगेपर्यंत एक मेंढरू हलवायचं नाही. आणि त्यानं जे बघितलं तेवढंच सांगायचं. चांगलं आहे, वाईट आहे, असं मत द्यायचं नाही. सरांचे आजे हे काम करायचे. सर म्हणायचे, आज्यानं कधी चला म्हटलं न्हाई आन् कधी नगं म्हटलं न्हाई. फक्त काय हाय ते सांगायचा.

आता ओंकारचं सांगायला हवं. ओंकार तासगावकडचा, सरांचा सगळ्यात लाडका. अकादमीतून लष्कराच्या प्रबोधिनीत निवडला गेला तेव्हा सरांनी पेढे वाटले. तिथं तीन वर्षं लष्कराचं शिक्षण होतं आणि बरोबर एक पदवीही मिळते. विषय आपण निवडायचा. ओंकारनं विचारलं आणि सरांनी तिथल्या तिथं सांगितलं, भूगोल घे. त्यानं घेतला. शेवटच्या सहामाहीत त्याचा गुडघा गेला. पदवी मिळाली, पण खांद्यावर तारे लागले नाहीत. त्याला घरी पाठवलं.

दोन वर्षांनी तो अकादमीत आला. काठी टेकत. सांगलीत मोबाइलच्या दुकानात कामाला होता. सरांनी त्याला मेसमध्ये आणलं, स्वतः ताट वाढलं, समोर बसले. ओंकार रागानं काही बोलला नाही, तेच वाईट. जेवता जेवता साधं सांगावं तसं म्हणाला, "सर, मुलाखतीला गेलो की विचारत्यात, विषय कुठला. भूगोल म्हटलं की कागद बाजूला ठेवत्यात. कॉम्प्युटर असता तर पुण्यात कुठंतरी चिकटलो असतो." सरांनी त्याला आणखी भात वाढला. तो गेल्यावर मी ताट उचलायला गेले तर सर तिथंच बसलेले. मला म्हणाले, "अक्का, ह्या पोराला मी पुढं जाऊन न बघता वाट सांगितली."

त्यानंतर सरांनी विषयाबद्दल सल्ला देणं बंद केलं. मुलं विचारायची, ते उठून जायचे.

आणि मग सानिकाची निवड झाली. मुलींना तिथं घ्यायला लागले त्याला फार वर्षं झाली नाहीत. आमच्या अकादमीतून निवडली गेलेली ती पहिली मुलगी. संचालक साहेबांनी रस्त्यावर तिचा फोटो लावला. तिचे पप्पा तामिळनाडूत गलाईच्या दुकानात असतात, सोनं वितळवून शुद्ध करायच्या कामावर. ते फोनवर रडले. आठ दिवसांनी विषय निवडायचा फॉर्म आला. बारावीला तिला विज्ञान होतं, त्यामुळं दोन्ही वाटा खुल्या होत्या. कॉम्प्युटर किंवा भूगोल. शनिवारी पाच वाजेपर्यंत भरायचा होता.

पप्पांनी सांगितलं, कॉम्प्युटर. संचालक साहेबांनीही तेच सांगितलं, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ते म्हणाले, अधिकारी झालीस तर कुणी विषय विचारणार नाही. विषय लागतो तो बाहेर पडावं लागलं तर. मग बाहेर जे चालतं तेच घे. सानिकाला भूगोल हवा होता हे मला दिसत होतं. ती सरांकडं गेली. सर म्हणाले, मला विचारू नगंस. ती घरी येऊन उपाशी झोपली. सरांना काही बोलायची माझी हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांना चहा दिला, कप ठेवला आणि तिथंच उभी राहिले, एवढंच. त्यांनी वर बघितलं. म्हणाले, "मंगळवार हाय आज. मला तीन दिवस द्या."

तीन दिवस सर सांगलीला राहिले. कुठं राहिले ते कळलं नाही. शनिवारी दुपारी दोन वाजता मोटारसायकलवरून थेट मेसच्या मागच्या दारी आले. तोंडावर धूळ, ओठ फुटलेले. सानिका फोनवर फॉर्म उघडून बसली होती. सरांनी खिशातली वही काढली आणि वाचायला सुरुवात केली.

एका कॉलेजात भूगोलाचे प्राध्यापक भेटले. स्वतःच तासावर शिकवतात, बारा वर्षं झाली, कायम झाले नाहीत. पाण्याच्या सरकारी कचेरीत सांगितलं, आम्हाला दगडाचा अभ्यास केलेला लागतो, भूगोलवाला नाही. तिथल्या एका म्हाताऱ्या कारकुनानं मात्र सांगितलं, खेड्यात गेल्यावर भूगोलवाल्यालाच जास्त कळतं, पण ते कागदावर कुठं लिहायचं. कॉम्प्युटरवर नकाशे करणारं एक खासगी ऑफिस होतं. तिथं भूगोलाची दोन पोरं बसलेली बघितली. मालक म्हणाला, कॉम्प्युटर येत असेल तर भूगोलवाला घेतो, नुसता भूगोल घेत नाही. स्पर्धा परीक्षेच्या क्लासात निम्मी पोरं भूगोलाची, पण ती पोरं गेली पाच-पाच वर्षं तिथंच आहेत. तीन ठिकाणी शिपायानं आत सोडलं नाही, तेही लिहिलं होतं. आणि शेवटी ओंकारचं नाव. ओंकारला भेटून विचारलं, परत निवडायचं असतं तर काय घेतलं असतंस. तो म्हणाला, भूगोल घेतला नसता.

सरांनी वही मिटली. "हे बघितलेलं हाय. ऐकलेलं ह्यात काय न्हाई."

मला वाटलं, झालं. आता कॉम्प्युटर. माझा जीवच हलका झाला. अडीच वाजले होते.

सानिकानं विचारलं, "सर, तुम्हाला काय उपयोग झाला? तुम्ही तर नोकरीत असताना भूगोलाची पदवी घेतली."

सर पाणी प्याले. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी आधी कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. वर पहाडात त्यांच्या तुकडीचा तळ पडायचा होता. साहेब तरुण होता, इंजिनिअर, हुशार आणि मनानं चांगला. त्यानं सपाट जागा निवडली. सर तेव्हा हवालदार. त्यांनी बघितलं, ती जागा म्हणजे कोरडा ओहोळ आहे. दगड गोल आहेत, गवत एका बाजूला झोपलंय. त्यांनी साहेबाला सांगितलं, इथं पाणी येतं. साहेबानं विचारलं, कशावरून? "मला म्हायती हुतं ते मेंढरांमागं चालून. पण मेंढरांचं नाव घेऊन साहेबाला सांगायची लाज वाटली. म्हटलं, असंच वाटतंय सर. साहेब म्हणाला, वाटण्यावर तळ हलवत नसतात." तिसऱ्या दिवशी वरून पाणी आलं. दोन जवान गेले.

गॅसवर आमटी उकळत होती, ती मी बंद केली.

"म्हणून पदवी घेतली," सर म्हणाले. "पत्रानं शिकून, सहा वर्षं लागली. म्हायती तेच हुतं जे आधी हुतं. नुसतं सांगता यायला लागलं. पण हातात आली तवा निवृत्तीला दोनच वर्षं उरली हुती. कुणाला सांगायची वेळच आली न्हाई." मग सानिकाकडं न बघता म्हणाले, "हे बी त्या वहीतल्या बाकीच्यांसारखं एक धर. जास्त नगं."

सानिका चार वाजेपर्यंत मागच्या पायरीवर बसून होती. चार वाजता आत आली आणि म्हणाली, "कॉम्प्युटर घेतला तर मी तिथं मागं पडीन, मला ठाऊक हाय. भूगोलात पडणार न्हाई. आधी तिथं टिकायला तर पाहिजे." आणि तिनं आमच्या दोघांच्या देखत फॉर्म भरला. भूगोल.

मला वाटलं सर खूश होतील. त्यांचा चेहरा उतरला. समोरचा चहा तसाच ठेवून ते उठले आणि मोटारसायकल ढकलत फाटकापर्यंत गेले, चालू करायचं विसरल्यासारखे. सानिकाच्या पप्पांनी महिनाभर सरांचं नाव घेतलं नाही. माझ्याशी बोलायचे, पण तुटक.

त्याच वर्षी अकादमीनं भूगोलाचे वर्ग व्हिडिओवर घ्यायचं ठरवलं आणि सर जतला गेले. शेती आहे, पन्नासभर मेंढरं भावानं ठेवली आहेत. दर महिन्याला एकदा त्यांचा फोन यायचा. पोरगी कशी आहे, अभ्यास कसा आहे, काही नाही. एकच विचारायचे, पाय दुखतात का म्हणाली का? मी नाही म्हणायचे. मला तेच माहीत होतं.

तीन आठवड्यांपूर्वी सानिका सुट्टीवर आली. तीन सहामाही झाल्या होत्या, केस कापलेले, गालाची हाडं वर आलेली. म्हणाली, सरांना भेटायचंय. आम्ही एसटीनं गेलो. जतच्या पुढं माळ नुसता तापलेला, वस्तीवर टँकर येऊन गेलेला, पिंपांभोवती चिखल. सरांनी आम्हाला बाजेवर बसवलं नाही. सानिकाला म्हणाले, त्या लिंबाखालच्या रांजणातनं पाणी घेऊन ये. ती गेली. मी बोलायला लागले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. ते तिच्या पाठीकडं बघत होते. मेंढपाळ कळपाच्या मागून चालतो, ते मला तेव्हा कळलं कशासाठी. लंगडणारं मागूनच दिसतं.

ती तांब्या घेऊन परत आली. सरांनी तांब्या घेतला, खाली ठेवला. "किती दिस झालं?"

सानिका माझ्याकडं बघायला लागली.

"आईकडं बघू नगंस. किती दिस?"

"सहा आठवडे," ती म्हणाली. नडगीच्या हाडात कळ येते, पळताना जास्त. कुणाला सांगितलेलं नाही. बरोबरच्या पोरींनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या आहेत, त्या खाऊन पळते. माझ्याशी रोज फोनवर हसून बोलत होती ती.

सरांनी सांगितलं की ओंकारनंही असंच केलं होतं. दोन महिने गोळ्या खाऊन पळाला. वेळेत सांगितलं असतं तर गुडघा वाचला असता, हे डॉक्टरनं त्याला नंतर सांगितलं. "परवा गेलीस की पैलं दवाखान्यात जायचं आन् सांगायचं."

"सांगितलं तर घालवतील, सर."

"घालवतील. न्हाई सांगितलं तर पाय जाईल."

"आणि घालवलं तर मला काय राहील? निम्मा भूगोल."

मी सरांच्या तोंडाकडं बघत होते. काहीतरी धीराचं बोलतील, असं मला फार वाटत होतं. ते खाली बसले, तिच्या नडगीवर बोटांनी दाबत दाबत वर गेले. एका जागी तिनं श्वास ओढला, तिथं थांबले.

"व्हय," ते म्हणाले. "निम्मा भूगोल. तेवढाच."

सानिका रडली नाही. ताक प्याली. मग दोघं बराच वेळ प्रबोधिनीतल्या अभ्यासाबद्दल बोलत बसले, नकाशे कसे करायला लावतात, कुठलं सर्वेक्षण केलं. ती सांगत होती आणि सर मध्येमध्ये विचारत होते. कितीतरी दिवसांनी त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं, तिनं सांगितलेलं.

तिकडं गेल्यावर तिनं खरंच सांगितलं. हाडाला बारीक चीर निघाली. त्याचंच बोर्ड सोमवारी आहे.

पण मला सारखं दिसतं ते त्या दिवशीचं परतीचं. चार वाजताची एसटी होती. सरांनी सानिकाची पिशवी स्वतः घेतली आणि फाट्यापर्यंत आमच्या पुढं चालले, एरवीपेक्षा हळू, तिला पावलं जोरात टाकावी लागू नयेत म्हणून. बस आली. आम्हाला खिडकीची जागा मिळाली. सर खाली उभे राहून खिडकीची दांडी धरून होते. कंडक्टर तिकिटं काढत होता.

"घरी पाठवलं," ते म्हणाले, "आन् कुणी इचारलं भूगोल का घेतलास, तर माझं नाव सांग. पप्पांना बी तेच सांग."

सानिका म्हणाली, "तुमचं कशाला सांगू, सर? फॉर्म मी भरलाय."

सर तिच्याकडं बघत राहिले. कंडक्टरनं घंटी मारली, बस हलली, तरी त्यांनी दांडी सोडली नव्हती. दोन-चार पावलं ते बसबरोबर चालत आले. मग हात सुटला. मी मान बाहेर काढून मागं बघितलं. फाट्यावर मैलाचा दगड आहे, त्यावर ते बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली. रस्ता वळेपर्यंत मी बघत होते. ते उठले नव्हते.